दुःखावाचून सुखाला अर्थ आहे काय?

देवाच्या दारी रिक्तहस्ताने कोणीच येत नाही. कोणी नातवाच्या बारशाचे पेढे घेऊन येतो, कोणी लेकीच्या लग्नाची पहिली पत्रिका श्रींच्या चरणी ठेवण्यास येतो. त्याच दर्शनबारीत, दोन माणसे सोडून मागे, घरातील कर्ता पुरुष गमावलेली एखादी माउली उभी असते. तिच्या हाती काही दिसत नाही. परंतु तीही रिकामी आलेली नसते. गाभाऱ्यातील समईचा प्रकाश या सर्वांच्या मुखावर सारखाच पडतो. एकाच उंबरठ्यावर सुख आणि दुःख असे शेजारी शेजारी उभे राहिलेले पाहिले की विचारी मनात एक जुना प्रश्न उभा राहतो : या दोहोंचे परस्परांशी नाते तरी काय? सुखाला अर्थ यावा म्हणून दुःख असावेच लागते काय?

व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर तयारच असते. दुःखाशिवाय सुखाची किंमत कळत नाही, उन्हातून आल्याखेरीज सावलीचे मोल समजत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सांत्वनासाठी गेलेला मनुष्य हेच बोलतो. त्यामागील हेतू चांगला असतो, यात शंका नाही. तथापि ज्या वचनाचा आधार आपण दुसऱ्याच्या सर्वांत कठीण घटकेला देऊ करतो, ते वचन कितपत खरे आहे, हे एकदा शांतपणे तपासून पाहणे आपले कर्तव्य ठरते.

दुःखाच्या बाजूने

या मताच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट पायी चालून गेलेल्या वारकऱ्याला विचारावे. दिवेघाटाची चढण, पावसाचा मारा, पायांचे फोड, रात्रीचा ओला मुक्काम हे सारे सोसून जेव्हा दुरून कळस दिसतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून जे पाणी वाहते त्यात त्या वाटेचा अंश असतोच. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाला भाकरी जशी गोड लागते, तशी ती बसून खाणाऱ्याला लागत नाही. दीर्घ आजारातून उठलेला मनुष्य अंगणातल्या कोवळ्या उन्हालाही हात जोडतो.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाच्या पहिल्याच अंकात चारुदत्त हाच विचार बोलून दाखवितो. दुःखे भोगल्यानंतर आलेले सुख दाट काळोखात दिवा दिसावा तसे शोभून दिसते, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. हा आशय आपल्या समाजाच्या मनात इतका मुरला आहे, की तो कोठून आला याचीही कोणाला आठवण राहिलेली नाही.

परंतु चारुदत्त तेथेच थांबत नाही. त्याच श्लोकाच्या उत्तरार्धात तो म्हणतो, की जो मनुष्य सुखातून दारिद्र्यात जातो तो देहाने जिवंत असला तरी मेल्यासारखाच जगतो. हे बोलणारा चारुदत्त स्वतः दानधर्मात संपत्ती वेचून निर्धन झालेला आहे. श्लोकाचा पूर्वार्ध समाजाने उचलला आणि उत्तरार्ध मागे टाकला. दुःखानंतर सुख आले तर ते उजळून दिसते, हे खरे. पण दुःखानंतर सुख येईलच, याची हमी कोणी दिलेली नाही. ज्यांच्या काळोखात दिवा दिसलाच नाही, त्यांच्या दुःखाचा हिशोब या सुभाषितात मांडलेला नाही.

सुख म्हणजे केवळ दुःखाचा अभाव काय?

काही विचारवंत तर याहूनही पुढे जातात. भर्तृहरीने ‘वैराग्यशतका’त असे सुचविले आहे, की तहान लागली म्हणून पाणी प्यावे, भूक लागली म्हणून अन्न घ्यावे, आणि या व्याधीवरील उतारालाच मनुष्य भ्रमाने सुख समजतो. हे खरे मानले तर दुःख हे मूळ आणि सुख हे केवळ त्याचे निवारण ठरते. मग दुःखावाचून सुख संभवतच नाही.

लोकमान्य टिळकांनी या मताचा विचार ‘गीतारहस्या’च्या ‘सुखदुःखविवेक’ या पाचव्या प्रकरणात सविस्तर केला आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या सुमारास लिहिलेला हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. टिळकांचे उत्तर एका साध्या दृष्टांतात आहे. लहान मुलाच्या तोंडात अचानक खडीसाखरेचा खडा घातला, तर त्याला आनंद होतो. त्या मुलाला आधी खडीसाखरेची इच्छा नव्हती, ती नसल्याचे दुःखही नव्हते. मग हा आनंद कोणत्या दुःखाच्या निवारणातून आला? तेव्हा सुख आणि दुःख या दोन स्वतंत्र वेदना आहेत, एक म्हणजे दुसरीचा निव्वळ अभाव नव्हे, असा निर्वाळा त्यांनी दिला. संसारात दुःखाचे पारडे जड असते, हे त्यांनी नाकारले नाही. हे लिहिणारा मनुष्य कारागृहात होता, आणि १९१२ मध्ये तेथे असतानाच त्यांना पत्नीच्या निधनाची वार्ता ऐकावी लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे या विवेचनाचे वजन कळते. दुःख ज्याच्या परिचयाचे होते, त्यानेच सुखाला दुःखाचे ऋणी ठरविण्याचे नाकारले.

उपनिषदांचाही कौल याच बाजूस आहे. तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचे मोजमाप केलेले आहे. तरुण, सुशील, विद्यावान, बलवान आणि धनधान्याने भरलेल्या पृथ्वीचा स्वामी अशा मनुष्याचा आनंद हे त्याचे पहिले माप. तेथून शंभरपटींच्या पायऱ्या चढत ते ब्रह्मानंदापर्यंत पोहोचते. या सबंध चढणीत दुःख ही पायरी कोठेही नाही. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे, ती अशी की वासनेने न ग्रासलेल्या ज्ञात्यालाही तोच आनंद प्राप्त होतो. एवढेच नव्हे, तर प्राणिमात्र आनंदातूनच जन्म घेतात, असेही याच उपनिषदाने पुढे सांगितले आहे. आनंद जर आरंभीचाच असेल, तर त्याला दुःखाच्या शिफारसपत्राची आवश्यकता उरत नाही.

उपवास आणि उपासमार

मग वारकऱ्याच्या त्या अश्रूंचे काय? राबणाऱ्याच्या भाकरीचे काय? येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. आपण ‘दुःख’ हा एकच शब्द अनेक निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि तेथेच घोटाळा होतो.

एकादशीचा उपवास आणि दुष्काळातील उपासमार या दोहोंत पोट सारखेच रिकामे असते. परंतु उपवास मनुष्य आपण होऊन स्वीकारतो, त्याला त्याचा हेतू ठाऊक असतो, आणि द्वादशीला पारणे आहे याची खात्री असते. उपासमार लादली जाते. तिला हेतू नसतो आणि तिचे पारणे कोणत्या दिवशी, हे कोणी सांगू शकत नाही. वारीतील कष्ट हे उपवासाच्या जातीचे आहेत. विद्यार्थ्याचा अभ्यास, गवयाचा रियाज, मातेचे रात्रीचे जागरण, हेही त्याच जातीचे. गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगताना, जे आरंभी विषासारखे वाटते व परिणामी अमृतासमान ठरते त्याला सात्त्विक सुख म्हटले आहे. तेथे ज्या कडूपणाविषयी सांगितले आहे तो अभ्यासाचा व संयमाचा कडूपणा आहे. त्याचा आधार घेऊन अपघात, अकाली मृत्यू, अन्याय किंवा भूक यांना सुखाची पूर्वतयारी ठरविणे हे गीतेच्या शब्दांवर भलताच भार टाकणे होय.

श्रमाने सुख अर्थपूर्ण होते, असे म्हणता येईल. दुःखाने ते होतेच, असे म्हणता येणार नाही. एकाच दुःखातून गेलेली दोन माणसे पाहावीत. एक मृदू होतो, दुसरा कडवट होतो. एकाच्या दाराशी आलेला याचक आधीपेक्षा अधिक पोटभर जेवून जातो. दुसरा म्हणतो, ‘मी सोसले, आता यानेही सोसावे.’ जर दुःखातच शिकविण्याचे सामर्थ्य असते, तर दोघेही सारखेच शिकले असते. तेव्हा अर्थ दुःखात साठविलेला नसतो. माणूस आपल्या अंतःकरणातून तो त्यात ओततो, किंवा ओतू शकत नाही.

तुकोबांनी काय केले

या विषयात श्रीतुकाराम महाराजांच्या चरित्राएवढा मोठा दाखला महाराष्ट्राला दुसरा नाही. १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. देहूच्या या वाण्याचे दुकान बुडाले, दिवाळे निघाले, प्रथम पत्नी अन्नावाचून गेली, पुत्रही गेला. पुढे एका अभंगात महाराजांनी देवाला सांगितले आहे, की हे सारे झाले ते बरेच झाले. दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडा केली, म्हणून तुझे चिंतन राहिले. दुःखाला अर्थ आहे असे म्हणणाऱ्यांना याहून मोठा साक्षीदार मिळणार नाही.

परंतु याच महात्म्याविषयी परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. घरात सावकारी होती. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते होती. धाकट्या बंधूंना त्यांचा वाटा देऊन महाराजांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. स्वतःच्या दिवाळ्याला जो ‘बरे झाले’ म्हणाला, तो ऋणकोंना असे म्हणाला नाही, की तुमचे कर्जही तुमच्या भल्यासाठीच आहे, त्यानेच तुम्हाला देवाची आठवण होईल. त्याने त्यांची खते बुडविली. स्वतःच्या दुःखात त्याने अर्थ पाहिला आणि दुसऱ्याच्या दुःखात त्याने काम पाहिले. संतांच्या साऱ्या नीतीचे सार या एका भेदात आले आहे. गांजलेल्यांना जो आपले म्हणतो तोच साधू, ही त्यांची कसोटी याच अनुभवातून आलेली आहे.

महाद्वारासमोरील समाधी

पंढरपुरास जाणारा भाविक महाद्वारी नामदेव पायरीचे दर्शन घेतो आणि समोरच असलेल्या श्रीचोखामेळ्यांच्या समाधीपुढेही मस्तक ठेवतो. ज्या विठ्ठलाचे नाव आयुष्यभर घेतले, त्याच्या मंदिरात पाऊल टाकण्याची मुभा या संताला जन्माच्या कारणावरून नव्हती. त्यांच्या अभंगांतील आर्तता ऐकून आजही कंठ दाटतो. मग असे म्हणावे काय, की दार बंद होते म्हणूनच ती भक्ती एवढी उत्कट झाली, तेव्हा दार बंद होते ते बरेच झाले? चोखोबांची भक्ती त्यांची स्वतःची होती. बंद दार हे इतरांचे पाप होते. त्या भक्तीचे श्रेय त्या दाराला देणे हा दुसरा अन्याय होईल.

साने गुरुजींनी हे ओळखले होते. विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, आणि शतकानुशतके बंद असलेले ते दार उघडले. येथेही उपवास आणि उपासमार यांचा तोच भेद दिसतो. दुसऱ्यावर लादलेले दुःख दूर व्हावे म्हणून गुरुजींनी स्वतः होऊन कष्ट पत्करले. धर्मात दुःखाला जर काही मानाचे स्थान असेल तर ते अशा दुःखाला आहे.

सुखाची जाणीव

तरीही एक शंका उरते. दुःख नसेल तर सुखाची जाणीव बोथट होणार नाही काय? दात दुखू लागल्यावर दाताची आठवण होते आणि आईवडील गेल्यावर त्यांची किंमत कळते, हा सर्वांचाच अनुभव आहे. ही शंका खरी आहे. पण तिचा दोष सुखाकडे जात नाही. तो आपल्या विस्मरणाकडे जातो, आणि विस्मरणावर आपल्या पूर्वजांनी दुःखाखेरीज दुसरा उपाय सांगून ठेवला आहे.

घरोघरी जेवणापूर्वी ताट देवापुढे ठेवण्याची रीत आहे. देव ते अन्न नेत नाही. ताट जसेच्या तसे परत येते. परंतु ठेवताना ‘तुझे’ म्हणून ठेवलेले, उचलताना ‘प्रसाद’ म्हणून उचलले जाते. एका क्षणासाठी मनुष्य आपले अन्न हातातून सोडतो आणि ते आपल्याला मिळाले आहे, ही जाणीव घेऊन परत उचलतो. अन्नाचे मोल कळण्यासाठी त्याला उपाशी राहावे लागत नाही. सकाळी उठून तळहाताचे दर्शन घेणे, भूमीवर पाय ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागणे, पोळ्याला बैलांची पूजा करणे, या साऱ्या रीती म्हणजे वस्तू गमावण्यापूर्वीच तिची किंमत ओळखण्याचा अभ्यास होय. कृतज्ञतेला जे साधते, त्यासाठी आपत्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.

सांत्वन कसे करावे

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, अनंत चतुर्दशीला गणरायाला निरोप देऊन लोक निजले असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे त्यात गेली. आदल्या सायंकाळी ज्यांनी पुढच्या वर्षी लवकर येण्याचे देवाला साकडे घातले होते, त्यांतील कित्येकांना दुसरा सूर्योदय दिसला नाही. दगडमातीच्या ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या मातेला कोणी सांगावे, की दुःखावाचून सुखाला अर्थ नाही? जे त्या वेळी धावून गेले त्यांनी दगड उपसले, जखमींना उचलले, अन्नपाणी व पांघरुणे पोहोचविली. त्या घटकेचे तत्त्वज्ञान तेच होते.

दुःखाला अर्थ असतो, हे वाक्य ज्याचे दुःख त्यानेच उच्चारावयाचे असते, आणि तेही त्याची वेळ आल्यावर. दुसऱ्याने ते त्याला सांगितले की त्याच वाक्याचा निर्दयपणा होतो. येथे श्रीमद्भागवतातील कुंतीची आठवण होते. युद्धानंतर श्रीकृष्ण द्वारकेस निघाले असता तिने संपत्ती मागितली नाही. विपत्तीच वारंवार येवोत, कारण तेथे तुमचे दर्शन घडते, असे तिने म्हटले. दुःखाच्या गौरवासाठी हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. परंतु तिच्या मागणीचे हृदय दर्शनात आहे, विपत्तीत नाही. आणि ती मागणी तिने स्वतःसाठी केली आहे.

याच कुंतीची पुढची कथा महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात आहे. मुले राज्यावर बसली होती. राजमाता म्हणून सुखाने राहण्याचे दिवस आले होते. त्या वेळी शंभर पुत्र गमावलेली गांधारी धृतराष्ट्रासह वनात निघाली. कुंतीने तिला विपत्तीचे महत्त्व सांगितले नाही. पुत्रांनी विनविले तरी ती मागे फिरली नाही. गांधारीबरोबर चालू लागली. महाभारतकारांनी रेखाटलेले चित्र असे आहे : पुढे कुंती चालते आहे, तिच्या खांद्यावर डोळ्यांस पट्टी बांधलेल्या गांधारीचा हात आहे, आणि गांधारीच्या खांद्यावर अंध धृतराष्ट्राचा.

देवस्थानात होणाऱ्या अन्नदानाचा, रुग्णसेवेचा, विद्यादानाचा अर्थही हाच आहे. दुःख जर सुखासाठी आवश्यक असते, तर भुकेल्यास जेवू घालणे म्हणजे त्याच्या पुढील सुखाची हानी करणे ठरले असते. असे कोणत्याही धर्माने कधी मानलेले नाही. दाता अन्नछत्रात जो एक घास घालतो, तो घासच या प्रश्नाचे उत्तर देतो : सुखाला अर्थ येण्यासाठी कोणी उपाशी राहावयास नको. आयुष्यात दुःख न बोलाविताच येते. ते वाढविण्यास किंवा शोभविण्यास आपली गरज नाही. जे सुख वाट्यास आले ते कृतज्ञतेने उचलावे, जे दुःख आपले आहे ते धीराने वाहावे, आणि जे दुसऱ्याचे आहे त्याला खांदा द्यावा.

दर्शनबारी हळूहळू पुढे सरकते. पेढे घेऊन आलेला आणि रिकाम्या हाताने आलेली, दोघेही एकाच उंबरठ्याला स्पर्श करून बाहेर पडतात. बाहेर पडताना पेढ्याची पुडी उघडली जाते आणि पहिला पेढा शेजारी उभ्या असलेल्या त्या अनोळखी माउलीच्या हातावर ठेवला जातो. त्या क्षणी सुखाला जो अर्थ प्राप्त होतो, तो तिच्या दुःखाने दिलेला नसतो. तो त्या वाटण्यातून आलेला असतो. प्रत्येक भाविकाच्या हातून असे वाटणे घडत राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.